उतारवयाची पुंजी आणि मुंबईची बँक

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या एखाद्या सरकारी कचेरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाला पेन्शन मिळे. परंतु ते बहुधा त्याच्या श्वासाबरोबरच संपे. मागे राहणाऱ्या पत्नीच्या नावे तिजोरीतून काही येईल, अशी सर्वसाधारण सोय नव्हती. तशी व्यापक कुटुंब निवृत्तिवेतन योजना केंद्र सरकारच्या नोकरांसाठी यावयास १९६४ साल उजाडावे लागले. म्हणून पोटाला चिमटा घेऊन जी काही शिल्लक पडे, ती ठेवावयाची कोठे, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने केवळ व्याजाचा नव्हता.

मार्ग थोडेच होते. सोने होते, गावाकडची जमीन होती, ओळखीच्या सावकाराची पेढी होती. सुशिक्षितांचा ओढा मात्र दोन गोष्टींकडे असे : एक सरकारी रोखा आणि दुसरी बँक ऑफ बॉम्बे. १८४० मध्ये स्थापन झालेल्या या बँकेत सरकारचे स्वतःचे भाग होते आणि संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी बसत. अशा बँकेचा भाग म्हणजे जवळजवळ सरकारचाच कागद, अशी समजूत रूढ होण्यास एवढे पुरेसे होते. आणि ही समजूत भोळ्यांचीच होती असे नव्हे. चांगल्या हिशेबी माणसांचीही होती.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि गिरणीमालकांची दृष्टी मुंबईकडे वळली. नेहमीच्या भावापेक्षा अधिक मिळालेल्या किमतीपोटी पुढील पाच वर्षांत सुमारे आठ कोटी पौंड या शहरात आले, असा अंदाज त्या काळच्या इतिहासकारांनी नमूद केला आहे. एवढा पैसा मुरवण्याइतके उद्योग मुंबईत नव्हते. मग कंपन्या निघाल्या. १८५५ मध्ये ज्या शहरात जेमतेम दहा कंपन्या होत्या, तेथे जानेवारी १८६५ मध्ये नुसत्या बँकाच ३१ झाल्या होत्या. समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या भागाला पन्नास हजारांच्या घरात भाव आला. जमीन अजून समुद्रातच होती!

या सट्ट्याची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. दिनशा वाच्छा यांनी तर १९१० मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. परंतु सटोडियांच्या उदयास्ताच्या या कथेत तो सावध निवृत्त मनुष्य नजरेआड होतो. त्याने बॅक बेचा भाग घेतला नव्हता. त्याचा पैसा बँकेत होता. प्रश्न असा की, बँकेचा पैसा कोठे होता?

१८६३ च्या कायद्याने बँकेवरील जुनी बंधने सैल केली आणि इतर कंपन्यांच्या भागांच्या तारणावर कर्जे देण्याचा मार्ग मोकळा झाला. भाग घ्यावा, तो बँकेत तारण ठेवावा, मिळालेल्या पैशांतून आणखी भाग घ्यावा, अशी साखळी सुरू झाली. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बँकेत चालू लागला. मग ज्याने सट्ट्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते, त्याची पुंजीदेखील त्याच्या नकळत सट्ट्यात उतरली.

९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली याने शरणागती पत्करली. ती वार्ता मुंबईस पोहोचताच कापसाचे भाव ढासळले. वायद्यांचे व्यवहार चुकते करण्याचा १ जुलै हा दिवस उजाडला, तेव्हा देणे फेडू शकणारे थोडेच उरले होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विख्यात वैद्याची आणि विद्वानाची कमाईही या लाटेत गेली. बँक मात्र आणखी अडीच वर्षे तग धरून होती. तिचे मरण एका दिवसाचे नव्हते, हे अधिक क्लेशकारक. जानेवारी १८६८ मध्ये ती मोडीत निघाली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. सरकारने भाग घेणे वेगळे आणि हमी देणे वेगळे, हा भेद भागधारकांच्या ध्यानी आला तो भांडवलाचा फार मोठा हिस्सा बुडाल्यावर.

त्या धक्क्याची खूण पुढील संस्थांच्या नावांतही दिसते. १८७४ मध्ये मुंबईत निघालेल्या आयुर्विमा कंपनीने आपले नावच ‘ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी’ असे ठेवले. १८८२ मध्ये टपाल कचेऱ्यांतून बचत बँका उघडल्या. मद्रासकडे मात्र पेढीच्या नावलौकिकावरचा विश्वास टिकून होता; ऑक्टोबर १९०६ मध्ये आर्बथनॉट कंपनी बुडाली आणि असंख्य ठेवीदारांची आयुष्यभराची बचत तिच्याबरोबर गेली.

सरकारी रोख्याने दगा दिला नाही, हे खरे. तरी १८९४ मध्ये चार टक्क्यांचे रोखे साडेतीन टक्क्यांत बदलले गेले आणि दहा हजारांच्या रोख्यांवर वर्षाला चारशे रुपये मोजणाऱ्या घरात साडेतीनशे येऊ लागले. पहिल्या महायुद्धात महागाई वाढली, त्या रोख्यांचा बाजारभाव दर्शनी किमतीच्या पुष्कळ खाली गेला. मुद्दल बुडाले नव्हते. फक्त त्यात पूर्वीइतके धान्य येत नव्हते.

विसाव्या शतकात हा भार हळूहळू नोकरी देणाऱ्याच्या खांद्यावर गेला. निवृत्तिवेतनाला महागाईची जोड मिळाली. १९५२ च्या कायद्याने कारखान्यांतील कामगारांना भविष्यनिर्वाह निधी मिळाला. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या नोकरांसाठी – सैन्यदले वगळून – चक्र पुन्हा फिरले. ठरावीक वर्गणी आणि बाजारातून जे येईल ते निवृत्तिवेतन, अशी योजना आली. त्यावर वीस वर्षे वाद झडला. १ एप्रिल २०२५ पासून या नोकरांना दुसरी योजना निवडण्याची मुभा मिळाली. तीत पंचवीस वर्षे सेवा झालेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आहे. आणि त्याच्या पश्चात त्या रकमेच्या साठ टक्के त्याच्या पत्नीस.