कार्यस्थळातील आपत्कालीन निर्गमन

कार्यस्थळातील आपत्कालीन निर्गमन म्हणजे कारखाना, कार्यालय, दुकान वा गोदाम येथे आग लागल्यास आतील प्रत्येक व्यक्तीला सुरक्षित जागी पोहोचविण्यासाठी आधीच आखून ठेवलेली व्यवस्था होय. वेळेवर इशारा, मोकळी वाट आणि नियमित सराव यांवर ती अवलंबून असते. आग विझविण्याची साधने आवश्यक असली, तरी ती या व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाहीत.

ट्रँगल कारखान्यातील आग

या संदर्भात न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीच्या आगीचा उल्लेख हटकून येतो. एका दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर ही कंपनी स्त्रियांचे ब्लाउज तयार करीत असे. २५ मार्च १९११ रोजी आठव्या मजल्यावरील चिंध्यांनी पेट घेतला. दहाव्या मजल्यावरील कार्यालयाला दूरध्वनीने खबर मिळाली व तेथील बहुतेक जण गच्चीवरून निसटले. नवव्या मजल्याला मात्र इशारा पोहोचलाच नाही. तेथील एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. माल चोरीस जाऊ नये म्हणून सुटीच्या वेळी कामगारांना एकाच दाराने, झडती घेऊन सोडण्याची तेथे रीत होती. दुसरा जिना ज्वाळांनी अडवला, बाहेरचा लोखंडी जिना कोसळला, आणि अग्निशमन दलाच्या शिड्या जेमतेम सहाव्या मजल्यापर्यंत पोहोचल्या. १४६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित तरुणी होत्या. मालक खटल्यातून निर्दोष सुटले. पुढे राज्याने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या कामातून कारखान्यांविषयीचे अनेक कायदे झाले.

मार्गांची रचना

एक वाट धुराने बंद झाली तरी दुसरी उरावी, म्हणून किमान दोन जिने एकमेकांपासून दूर असावे लागतात. दार बाहेरच्या बाजूस उघडणारे हवे. आत उघडणारे दार मागून रेटणाऱ्या गर्दीत उघडताच येत नाही. लिफ्ट वापरू नये, असा नियम आहे. ट्रँगलच्या आगीत लिफ्टचालकांनी खेपा घालून पुष्कळांना वाचविले हे खरे, पण काही मिनिटांतच लिफ्ट बंद पडल्या. जिन्यात रचलेले दफ्तरांचे गठ्ठे आणि मोडक्या खुर्च्या हा आपल्याकडील कार्यालयांचा जुना दोष आहे.

कायदा

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३८ ने सुटकेच्या सुरक्षित मार्गांबरोबरच कामगारांना ते मार्ग परिचित असण्याचीही तरतूद केली. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची वा भोगवटादाराची असून, परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते.

सराव

१४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात कामी आलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या निमित्ताने अनेक ठिकाणी सराव होतात. मात्र पूर्वसूचना देऊन भर दिवसा केलेल्या सरावातून रात्रपाळीची तयारी कळत नाही. बाहेर ठरलेल्या जागी जमल्यावर हजेरी घेतली जाते. तीत कंत्राटी कामगार व पाहुणे यांचीही गणती करावी लागते, कारण आत कोणी राहिले आहे का, हे अग्निशमन दलाला त्या हजेरीवरूनच सांगता येते.