वाहतूक चलानास हरकत (महाराष्ट्र)

वाहतूक चलानास हरकत म्हणजे वाहतूक नियमभंगाबद्दल पोलिसांनी किंवा मोटार वाहन विभागाने बजावलेले चलान मान्य न करता त्यातील आरोपाची शहानिशा करण्याची मागणी करणे होय. महाराष्ट्रात हरकत दोन पातळ्यांवर घेता येते. पहिली पातळी चलान बजावणाऱ्या यंत्रणेकडे तक्रार करण्याची असून दुसरी न्यायालयात आरोप नाकारण्याची आहे. चलान हा आरोप असतो, न्यायनिर्णय नसतो; त्यामुळे ते भरणे किंवा नाकारणे हे दोन्ही पर्याय कायदेशीर आहेत. मात्र दोहोंचे परिणाम वेगळे होतात. किरकोळ चलानाच्या बाबतीत रक्कम लहान आणि न्यायालयाची फेरी तुलनेने महाग असल्याने बहुतेक निर्णय कायद्यापेक्षा खर्चाच्या हिशेबावर घेतले जातात. राधानगरीसारख्या (जिल्हा कोल्हापूर) शहरापासून दूर असलेल्या तालुक्यात हा हिशेब अधिक ठळकपणे दिसतो.

पार्श्वभूमी

भारतातील वाहतूक गुन्ह्यांचा मूळ कायदा मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याने १९३९ च्या अधिनियमाची जागा घेतली. २०१९ च्या सुधारणेने दंडाच्या रकमा मोठ्या प्रमाणात वाढवल्या. उदाहरणार्थ, स्वतंत्र शिक्षा नमूद नसलेल्या किरकोळ नियमभंगांना लागू होणाऱ्या कलम १७७ खालील कमाल दंड पहिल्या वेळी १०० रुपयांवरून ५०० रुपये आणि पुढील वेळी ३०० रुपयांवरून १,५०० रुपये झाला. सुधारित दंडाच्या तरतुदी देशात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाल्या. महाराष्ट्राने तडजोड शुल्काचे सुधारित दर डिसेंबर २०२१ मध्ये अमलात आणले.

त्याच सुमारास चलानाचे स्वरूपही बदलले. पूर्वी पोलीस कर्मचारी वाहन थांबवून पावती फाडत असे. चालक आणि कर्मचारी समोरासमोर असल्याने वाद जागीच होई आणि बहुधा जागीच मिटे. ई-चलान पद्धतीत वाहनाचे छायाचित्र, क्रमांक, स्थळ आणि वेळ यांची नोंद होऊन नोंदणीकृत मालकाच्या भ्रमणध्वनीवर संदेश जातो. मुंबईत सुरू झालेली ही पद्धत पुढे राज्यभर लागू झाली. परिणामी आरोपाची माहिती घटनेनंतर काही दिवसांनी, अनेकदा त्या वेळी वाहन चालवत नसलेल्या व्यक्तीला मिळू लागली आणि हरकतीचा प्रश्न नव्या रूपात पुढे आला.

कायदेशीर चौकट

तडजोड
अधिनियमाच्या कलम २०० नुसार ठरावीक गुन्ह्यांमध्ये राज्य शासनाने निश्चित केलेली रक्कम प्राधिकृत अधिकाऱ्याकडे भरून प्रकरण मिटवता येते. या रकमेस तडजोड शुल्क म्हणतात. चलानावर दिसणारी रक्कम सामान्यतः हीच असते. ती भरल्यावर त्या गुन्ह्याबद्दल पुढील कार्यवाही होत नाही. तथापि २०१९ च्या सुधारणेनुसार तडजोड झालेला गुन्हाही पुढील वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजला जातो. मद्यप्राशन करून वाहन चालवणे (कलम १८५) तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही. अशा प्रकरणात न्यायालयात जाणे अपरिहार्य असते.

तडजोड शुल्क आणि अधिनियमातील दंड यांत फरक असू शकतो. शिरस्त्राण (हेल्मेट) न वापरल्याबद्दल कलम १९४ड मध्ये १,००० रुपये दंड आणि तीन महिने अनुज्ञप्ती निरर्हतेची तरतूद आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये त्यासाठी ५०० रुपये तडजोड शुल्क ठरवले. हरकत फेटाळली गेल्यास न्यायालय अधिनियमातील दंड आकारू शकते, म्हणजे मूळ चलानापेक्षा अधिक रक्कम भरावी लागू शकते.

इलेक्ट्रॉनिक देखरेख
कॅमेऱ्याद्वारे होणाऱ्या कारवाईचा आधार कलम १३६अ हा आहे. त्याखाली ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७अ समाविष्ट झाला. त्यानुसार वेगमापक व कॅमेरा उपकरणांना मान्यता प्रमाणपत्र आवश्यक असून त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. देखरेख असलेल्या मार्गावर वाहनचालकांना तसे कळवणारे फलक असावेत आणि गुन्ह्याची सूचना घटनेपासून १५ दिवसांच्या आत पाठवली जावी, असेही नियमात नमूद आहे.

मालक आणि चालक
ई-चलान नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते, परंतु वेगमर्यादा ओलांडणे किंवा सिग्नल तोडणे हे कृत्य चालकाचे असते. कलम १३३ नुसार मागणी झाल्यास चालकाची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे. वाहन विकल्यानंतर कलम ५० नुसार, खरेदीदार त्याच राज्यातील असल्यास विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत हस्तांतरणाची माहिती नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावयाची असते. ती न दिल्यास नोंदणीत जुनेच नाव राहते आणि नव्या मालकाची चलाने जुन्या मालकाकडे येत राहतात.

कालमर्यादा
केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ५१४ मध्ये आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती. विलंब क्षमापित करण्याचा अधिकार न्यायालयास आहे. म्हणून जुने चलान आपोआप रद्द होते असा अर्थ काढता येत नाही; कालमर्यादेचा मुद्दा न्यायालयासमोर उपस्थित करावा लागतो.

हरकतीची कारणे

सबळ मानली जाणारी कारणे
- क्रमांक चुकीचा वाचला जाणे. छायाचित्रातील वाहनाचा प्रकार, रंग किंवा बनावट आपल्या वाहनाशी जुळत नसल्यास हा मुद्दा सर्वांत सोपा ठरतो.
- बनावट क्रमांकपट्टी. आपला क्रमांक दुसऱ्या वाहनावर वापरला जात असल्यास चलानास हरकत घेण्याबरोबरच पोलीस ठाण्यात स्वतंत्र तक्रार नोंदवणे हिताचे असते. त्या वाहनाचा गंभीर गुन्ह्यात वापर झाल्यास तपास प्रथम मूळ क्रमांकाच्या मालकापर्यंत येतो.
- वाहनाची विक्री किंवा चोरी घटनेपूर्वी झालेली असणे व तशी नोंद उपलब्ध असणे.
- वैध कागदपत्रे असूनही ती नसल्याचे चलान होणे. केंद्रीय नियमांनुसार डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधील कागदपत्रे ग्राह्य आहेत.
- फलक नसणे किंवा न दिसणे. वाहने उभी करण्यास मनाई अथवा वेगमर्यादा दर्शवणारा फलक झाडाआड असल्यास त्याचे त्याच दिवशी काढलेले छायाचित्र उपयोगी पडते.
- एकाच कृत्याबद्दल दोन चलाने निघणे.

टिकाव न धरणारी कारणे
नियम ठाऊक नव्हता, इतरही तसेच करत होते, जवळच जायचे होते, पोलीस दिसले नाहीत ही कारणे कायद्यात बचाव ठरत नाहीत. शिरस्त्राणाची सक्ती फक्त शहरात आहे हा ग्रामीण भागातील समजही चुकीचा आहे. कलम १२९ सार्वजनिक ठिकाणी दुचाकीवर असलेल्या चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीस, म्हणजे मागे बसणाऱ्यासही लागू आहे. पगडी परिधान केलेल्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे. रुग्णाला दवाखान्यात नेत असल्यासारख्या प्रसंगी आरोप आपोआप नाहीसा होत नाही. मात्र कागदोपत्री पुरावा असल्यास न्यायालय त्याचा विचार करू शकते.

कार्यपद्धती

यंत्रणेकडे तक्रार
राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर व महाट्रॅफिक अ‍ॅपवर चलानाचे छायाचित्र पाहण्याची आणि तक्रार नोंदवण्याची सोय आहे. चलान क्रमांक, हरकतीचे कारण आणि पुरावा जोडून तक्रार केल्यास त्याची तपासणी होते व चूक आढळल्यास चलान रद्द केले जाते. या टप्प्यास शुल्क लागत नाही आणि प्रवासही करावा लागत नाही. त्यामुळे क्रमांकाची गल्लत किंवा कागदपत्रांसंबंधीच्या चुकांसाठी हाच पहिला मार्ग मानला जातो. तक्रार नोंदवण्यापूर्वी रक्कम भरल्यास तडजोड पूर्ण झाल्याचे धरले जाते आणि हरकतीला वाव उरत नाही.

आभासी न्यायालय
वाहतूक चलानांसाठी आभासी न्यायालयाची सुरुवात २०१९ मध्ये दिल्लीत झाली. महाराष्ट्रातील असे न्यायालय ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर येथे सुरू झाले. यात व्यक्तीस समन्स ऑनलाइन मिळते आणि दंड मान्य करणे किंवा खटला लढवणे असे दोन पर्याय असतात. दुसरा पर्याय निवडल्यास प्रकरण क्षेत्राधिकार असलेल्या नियमित न्यायालयाकडे वर्ग होते.

दंडाधिकारी न्यायालय
नियमित न्यायालयात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आरोप वाचून दाखवतात आणि तो मान्य आहे काय, असे विचारतात. आरोप नाकारल्यास तो सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षावर येते. चलान करणाऱ्या कर्मचाऱ्याची साक्ष होते, त्याची उलटतपासणी घेता येते आणि छायाचित्रासारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र मागता येते. वकील नेमणे सक्तीचे नाही. पात्र व्यक्तींना, त्यात सर्व महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती येतात, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार मोफत विधी साहाय्य मिळू शकते.

दोषसिद्धी झाल्यास सत्र न्यायालयात दाद मागता येते. मात्र आरोपीने स्वतः गुन्हा कबूल केला असल्यास अपील केवळ शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता एवढ्यापुरतेच मर्यादित राहते. ‘लवकर सुटका व्हावी’ म्हणून दिलेली कबुली नंतर मागे घेणे त्यामुळे कठीण ठरते.

लोक अदालत
राष्ट्रीय लोक अदालतीत प्रलंबित ई-चलाने दाखलपूर्व प्रकरणे म्हणून ठेवली जातात. लोक अदालत केवळ तडजोड घडवून आणते. नियमभंग झाला की नाही याचा निवाडा करत नाही. तिच्या निवाड्याविरुद्ध अपील नसते. म्हणून चलान मान्य असलेल्या पण रक्कम थकलेल्या व्यक्तीसाठी हा मार्ग सोयीचा आहे. आरोपच अमान्य असलेल्यासाठी नाही.

निर्णयाचे निकष

हरकत घ्यावी की नाही हे ठरवताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

- पुरावा: आपले म्हणणे दाखवणारा कागद किंवा छायाचित्र हाती आहे काय. केवळ शब्दाविरुद्ध शब्द असल्यास निकालाचा अंदाज बांधणे अवघड असते.
- खर्च: प्रवास, वकिलाचे शुल्क आणि बुडणारी मजुरी यांची बेरीज चलानाच्या रकमेशी ताडून पाहिली जाते. सुनावणी एकाच तारखेत संपेलच असे नसते.
- पुढील परिणाम: पुन्हा तोच गुन्हा झाल्यास वाढीव दंड लागतो आणि काही कलमांत अनुज्ञप्ती निरर्ह होते. ज्याची उपजीविका वाहन चालवण्यावर आहे, त्याच्यासाठी ५०० रुपयांचे चलानही केवळ ५०० रुपयांचे नसते.
- कलमाचे स्वरूप: अनुज्ञप्तीविना वाहन चालवणे (कलम १८१, दंड ५,००० रुपये) किंवा विमा नसणे (कलम १९६, पहिल्या वेळी २,००० रुपये) अशा आरोपांत कागदपत्र असल्यास हरकत सहज यशस्वी होते आणि नसल्यास निरर्थक ठरते.
- मुदत: चलानावर किंवा समन्सवर नमूद मुदत उलटू न देणे. दुर्लक्ष करणे म्हणजे हरकत घेणे नव्हे. प्रलंबित चलानांमुळे वाहनाच्या नोंदणीविषयक कामांत अडथळा येऊ शकतो.

राधानगरी तालुक्यातील स्थिती

राधानगरी हे कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण कोल्हापूर शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर भोगावती नदीकाठी वसले आहे. येथून दाजीपूर व फोंडा घाटमार्गे कोकणात जाणारा रस्ता असल्याने स्थानिक दुचाकींबरोबरच पावसाळ्यात धरण पाहायला येणारे पर्यटक आणि गळीत हंगामात ऊस वाहणारे ट्रॅक्टर यांची वर्दळ असते. येथील वाहने एमएच-०९ या क्रमांकमालिकेत कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदली जातात.

फौजदारी प्रकरण सामान्यतः घटना जेथे घडली तेथील न्यायालयात चालते. राधानगरीत झालेल्या चलानास येथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयात हरकत घेता येते. त्याविरुद्धचे अपील कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात जाते आणि ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठही सर्किट बेंचच्या रूपाने कोल्हापुरातच आहे. परंतु तालुक्यातील व्यक्तीच्या वाहनाचे चलान पुण्यात झाल्यास तिला तेथील न्यायालयात उभे राहावे लागते. एका तारखेसाठी जाऊन-येऊन साडेपाचशे किलोमीटरहून अधिक प्रवास होतो आणि दिवसभराचे काम बुडते. अशा वेळी न केलेल्या नियमभंगाचेही चलान भरले जाण्याची शक्यता वाढते. म्हणून दूरच्या चलानाबाबत घरबसल्या करता येणारी ऑनलाइन तक्रार हाच व्यवहार्य उपाय उरतो.

टीका

ई-चलानामुळे रस्त्यावरील रोख व्यवहार आणि त्यातून होणारे गैरप्रकार कमी व्हावेत ही अपेक्षा होती. प्रत्येक कारवाईची नोंद राहते हा तिचा लाभ मान्य केला जातो. दुसरीकडे, वाहन न थांबवता काढलेल्या छायाचित्रावरून कारवाई होत असल्याने चालकास म्हणणे मांडण्याची संधी मिळत नाही, असा वाहतूकदारांचा आक्षेप आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील माल व प्रवासी वाहतूकदारांनी ई-चलानाच्या प्रश्नावर संप पुकारला. त्याच महिन्यात राज्याच्या वाहतूक पोलीस विभागाने कर्मचाऱ्यांनी खासगी भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढून चलान करू नये, असे निर्देश दिले. चलान बजावणे काही सेकंदांचे आणि ते खोडून काढणे काही महिन्यांचे काम असल्याने, तक्रारींचा निपटारा वेळेत आणि कारणांसह होणे यावर या पद्धतीची विश्वासार्हता अवलंबून आहे.

हे सुद्धा पहा

- मोटार वाहन अधिनियम, १९८८
- लोक अदालत
- प्रादेशिक परिवहन कार्यालय
- राधानगरी तालुका