शेषाद्री बंधू व लोकोपहास

‘बाटगा’ हा शब्द मराठींत किती सहज उच्चारिला जातो! आमच्या जठारपेठेंतील सुशिक्षित बैठकींतही तो अधूनमधून कानीं पडतो, आणि त्यामागोमाग ‘बाटग्याची बांग मोठी’ ही म्हण कोणाच्या तरी तोंडून निघतेच. बांग ही मशिदींतली. पण ख्रिस्ती झालेल्यांवरही ती तितक्याच उदारपणें लादली गेली आहे. या शब्दाच्या तळाशीं एक ठाम समजूत असते : धर्म सोडणारा मनुष्य तो पोटासाठीं किंवा साहेबाच्या मेहेरबानीसाठीं सोडतो. असे लोक झालेच नाहींत, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यांनीं हा उपहास जन्मभर सोसला व घेतलेला मार्ग टाकला नाहीं, त्यांचें काय? वऱ्हाडच्या शेजारीं, जालन्याजवळ, बेथेल नांवाचें गांव वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे अशांपैकीं एक होत. त्यांची हकीकत मात्र त्यांच्या धाकट्या भावाच्या हकीकतीवांचून पुरती समजत नाहीं.

मुंबईस जॉन विल्सन यांच्या शाळेंतील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनीं १८३९ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां पालकांनीं आपलीं मुलें भराभर काढून घेतलीं. ती खळबळ पुरती विसरली गेली नव्हती, तोंच १८४३ सालीं नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्यानें तेंच पाऊल उचललें. त्याच्यामागोमाग सुमारें बारा वर्षांचा श्रीपतही मिशनऱ्यांच्या आश्रयास जाऊन राहिला व त्यांच्या येथें जेवला. बापानें न्यायालयांत धांव घेतली. मुलगा अज्ञान ठरून बापाच्या स्वाधीन झाला. एवढ्या लहान मुलास बापापासून दूर ठेवण्याचा मिशनऱ्यांचा हट्ट आम्हांस मुळींच प्रशस्त वाटत नाहीं.

पण खरा पेंच पुढेंच आहे. मुलगा बापाकडे आला. पंक्तीस कोण घेणार? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं प्रायश्चित्त देऊन श्रीपतीस शुद्ध करून घ्यावें, असा पक्ष उचलला. त्याबरोबर मुंबईच्या ब्राह्मणवर्गांत दोन तट पडले, आणि सनातन्यांच्या रोषाचे धनी स्वतः बाळशास्त्रीही झाले. पोराला कोर्टांतून सोडवून आणणें सोपें ठरलें, पाटावर बसविणें कठीण. थोरला गेला म्हणून ज्यांनीं हंसें केलें, तेच धाकटा परत आला तेव्हां दार लोटून उभे राहिले! त्या उपहासाला धर्माची जितकी चाड होती, त्याहून पंक्तीची अधिक होती, असें आम्हांस वाटतें.

पोटाच्या आरोपाविषयीं एवढेंच सांगावेसें वाटतें कीं, धर्मांतर करणाराचा वारसाहक्क राखणारा २१ वा कायदा १८५० सालचा आहे. नारायणराव त्यापूर्वीं सात वर्षें ख्रिस्ती झाले होते. वडिलार्जित मालमत्तेवर पाणी सोडण्याची तयारी ठेवूनच त्यांना घराबाहेर पडावें लागलें.

पुढें ते जालन्याकडे वळले. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें, जालना निजामाकडेच राहिलें. तेथें कंटिंजंटाची छावणी होती. ब्राह्मणाच्या कुळांत जन्मलेल्या, इंग्रजी विद्येंत मुरलेल्या या गृहस्थानें तेथें मांग-महारांमध्यें आपलें काम मांडिलें. शास्त्री-पंडितांशीं वाद घालून नांव मिळविणें त्याला अवघड नव्हतें. परंतु वाद जिंकून उपहास थांबत नाहीं, हें त्याला मुंबईनें शिकविलें असावें. लोक ज्यांची सावली टाळीत, त्यांच्या सुखदुःखांत त्याचें उरलेलें आयुष्य गेलें. ‘साहेब झाला’ म्हणणारांस तर त्याच्यापाशीं कांहीं हातीं लागण्याजोगें नव्हतें. बाप्तिस्म्यानंतरही नांव नारायणच राहिलें. १८७३ सालीं न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेस गेला, तोही पागोटें घालूनच. ज्यांच्या धर्माला तो मिळाला, त्यांच्याच देशांत त्या पागोट्याकडे लोक टकमक पाहत असतील, हें निराळें.

बेथेलसाठीं जमीन दिली ती निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनीं. मुसलमान राज्यांतली जमीन, वसविणारा जन्मानें ब्राह्मण, राहणारे मांग-महार, असें तें गांव उभें राहिलें. तेथें शेती आली, शाळा आली, प्रार्थनामंदिर आलें. नारायणराव १८९१ सालीं वारले. जालन्यास आगगाडी आली ती त्यानंतर. त्यांच्या हयातींत इकडून तिकडे जाणारास गाडीवाटच धरावी लागे. गांवाला त्यांनीं दिलेलें नांव हिब्रू भाषेंतलें आहे. बेथेल म्हणजे देवाचें घर.