सुप्याची पेठ आणि वाण्याची वही

जुन्या वस्तूंविषयीं आपल्याकडे आस्था नाहीं असें म्हणण्याची चाल आहे. परंतु तें सर्वस्वीं खरें नाहीं. गड, लेणीं, देवळें, फार झालें तर एखादा वाडा, यांविषयीं आपल्याला आस्था आहे. ज्या दुकानानें आसपासच्या दहा-पांच खेड्यांना मीठ-मिरची पुरविली, त्याची गणना मात्र वारशांत कोणी करीत नाहीं. रस्ता रुंद करावयाचा झाला कीं पेठेंतील फळ्यांचें दुकान पडतें, आणि त्याबद्दल फारसें कोणी हळहळत नाहीं.

वाण्याचें गांवगाड्यांतील स्थान प्रथम लक्षांत घेतलें पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ लिहून बलुत्याची घडी उलगडून दाखविली. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांना सुगीच्या वेळीं खळ्यावर आपापला वांटा मिळे. वाणी या बारांत बसत नाहीं. गांव आपल्यापुरतें धान्य पिकवी, मडकें घडवी, नांगर जोडी. परंतु मीठ समुद्रकांठचें, सुपारी-खोबरें कोंकणांतलें, आणि हिंग तर त्याहूनही दूरचा. जें गांवांत होत नाहीं तें वाण्यापाशीं. म्हणून गांवांत राहूनही तो बाहेरच्या जगाचा प्रतिनिधि असे, व त्याची बैठक बहुधा लहानशा मौजांत नसून बाजार भरणाऱ्या कसब्यांत असे.

दुकानाचा थाटही ठरलेला. रस्त्याला लागून ओटा, खांचेंत बसणाऱ्या उभ्या फळ्या, आंत गादी, हाताशीं गल्ला, वर टांगलेली तागडी. दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी, हें कोष्टक पूर्वीं मुलें पाठ करीत. तथापि एका गांवची पायली दुसऱ्या गांवच्या पायलीस जुळेलच असा नेम नसे. भांड्यांत तेल घ्यावयाचें तर आधीं रिकाम्या भांड्याचा धडा करावा लागे, आणि त्या वेळीं वाण्याच्या बोटांवर गिऱ्हाइकाची नजर खिळलेली असे. वजनमापांचा १९५६ चा कायदा व १ एप्रिल १९५७ पासून आलेलें दशमान नाणें यांनीं हें सारें जग मागें टाकलें. पितळी शेर आतां शोभेच्या वस्तु विकणाऱ्याकडे मिळतो.

परंतु तागडी व माप एवढाच या दुकानाचा वारसा मानला तर अर्धेंच सत्य हातीं लागेल. उरलेलें अर्धें सुप्यास जाऊन पाहावें. सुप्याचें नांव इतिहासाच्या वाचकाला शहाजीराजांच्या पुणें-सुपें जहागिरीमुळें ठाऊक असतें. त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत असलेलें हें गांव आज बारामती तालुक्यांत आहे. १२ मे १८७५ रोजीं भोंवतालच्या खेड्यांतील रयत तेथें जमली आणि तिनें पेठेंतील मारवाडी-गुजराती वाण्यांवर हल्ला केला. धान्य लुटलें गेलें, पण जमावाचा खरा रोख कर्जरोख्यांवर व वह्यांवर होता. जेथें सावकारानें कागद मुकाट्यानें हवालीं केले, तेथें त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाहीं. कागदांची होळी झाली. तोच वणवा पुढें पुणें व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील गांवोगांव पसरला.

कारण उघड होतें. मीठ देणारा हात आणि रोखा लिहून घेणारा हात एकच होता. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत कापसाला चढलेला भाव १८६५ नंतर कोसळला. नव्या पाहणीनें सारा मात्र वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यान्वयें रोखा तीन वर्षांत निकामी होई. हेतु व्याजाचा डोंगर वाढूं नये हा, घडलें उलटें. दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा होऊं लागला, आणि कुणब्यानें न वाचतां त्यावर अंगठा केला. दंग्यानंतर सरकारनें चौकशी नेमली व १८७९ च्या कायद्यानें रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. कुळालाही पावती व हिशेब मागण्याचा हक्क मिळाला.

तात्पर्य, वाण्याच्या दुकानांतील सर्वांत मोलाची वस्तु त्याची वही. सुप्याच्या रयतेला तिचें मोल पक्कें ठाऊक होतें, म्हणूनच तिनें ती जाळली. आपण ती रद्दीवाल्याला वजनावर देतों. सरकारी दप्तरांवरून कुणब्यानें सारा किती भरला हें कळेल. बाळंतिणीसाठीं सुंठ-डिंक किती गेला, लग्नाच्या वर्षीं खोबऱ्याची उचल किती झाली, १८७६ च्या दुष्काळांत कोणत्या महिन्यापासून गूळ घेणें बंद पडलें, हें सांगणारा कागद असलाच तर वाण्याच्या माळ्यावर आहे. जुनीं दप्तरें वाण्याकडे पुड्या बांधावयास जात म्हणून आपण त्याला दोष देत आलों. आज त्याच्याच वह्यांवर ती पाळी आली आहे.

अडचणी लहान नाहींत. या वह्या मोडींत, गुजरातींत किंवा महाजनींत आहेत. महाजनींत काना-मात्रा बहुधा गाळतात. ‘काकाजी अजमेरला गेले’ हें ‘काकाजी आज मेले’ असें वाचून घरांत रडारड झाल्याची गोष्ट सांगतात ती यामुळेंच. शिवाय कोणाच्या आज्याची जमीन कोणाकडे गेली हें त्यांत स्पष्ट दिसतें. म्हणून दुकानदार वही दाखवावयास कचरतो, आणि कुळाचा नातू ती पाहावयास. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे वह्या सोंपवून, ठराविक वर्षें त्या न उघडण्याची अट घालतां येईल. तितकें जमत नसेल तर निदान दुकान पाडण्यापूर्वीं माळ्यावरचें लाल फडक्यांतील बासन खालीं उतरवून घ्यावें.