मोठा माणूस गेल्यानंतर



आठवीत शाळा सोडलेल्या आणि उभी हयात कामगार चळवळीत काढलेल्या माणसाने अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉलवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. आमच्या युनियनचे जुने पुढारी वारले. वीस वर्षे त्यांच्या एका शब्दावर गेटसभा भरत असे. ते गेल्यावर आम्ही त्यांच्यासारखाच दुसरा माणूस शोधू लागलो. सहा वर्षांत तीन पुढारी आणले आणि तिघांनाही घालवले. त्याच दिवसांत वाचता वाचता अलाबामा विद्यापीठाची हकीकत हाती लागली.

प्रथम एक खुलासा. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. यात चेंडू लांबट असतो. तो बहुधा हातात धरून पळवतात, नाहीतर फेकतात, आणि चेंडूवाल्या गड्याला अंगाला भिडून पाडतात. खेळणारी मुले विद्यार्थी असतात. पण टस्कलूसा या गावातले अलाबामाचे मैदान सुमारे एक लाख प्रेक्षकांचे आहे, आणि तेथील प्रशिक्षकाचा पगार विद्यापीठाच्या अध्यक्षाहून कितीतरी अधिक असतो. त्यामुळे प्रशिक्षक नेमणे हा साऱ्या राज्याच्या जिव्हाळ्याचा विषय होऊन बसतो.

१९५५ ते १९५७ या तीन हंगामांत अलाबामाचा संघ चार सामने जिंकला आणि चोवीस हरला. १९५८ साली पॉल ब्रायंट आले. अर्कान्सासमधील गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा याच विद्यापीठाचा जुना खेळाडू. पंचवीस हंगामांत त्यांनी सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. १९८२ च्या डिसेंबरात त्यांनी निवृत्ती घेतली आणि जेमतेम चार आठवड्यांत, २६ जानेवारी १९८३ रोजी, त्यांचे निधन झाले.

परंतु या यशाची दुसरी बाजूही इतिहासाने नोंदली पाहिजे. १९६३ साली दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडविण्यासाठी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याच विद्यापीठाच्या दारात उभे राहिले होते. १९६१, १९६४ आणि १९६५ ची अजिंक्यपदे मिळवणारा संघ निव्वळ गोऱ्यांचा होता. पुढे संघ घसरला. १९७० साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने बर्मिंगहॅममध्ये येऊन त्याला ४२-२१ असे हरवले, आणि त्या दिवशी सॅम कनिंगहॅम हा कृष्णवर्णीय खेळाडू गाजला. या एका पराभवाने अलाबामाचे दार उघडले, असे सांगण्याची रीत आहे. वस्तुतः विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय मुलाला विद्यापीठाने त्याआधीच शिष्यवृत्ती देऊन घेतले होते. १९७१ पासून कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरले, ब्रायंट यांनी खेळाची मांडणीही बदलली, आणि नंतर आणखी तीन अजिंक्यपदे आली. अर्ध्या तरुणांना दाराबाहेर ठेवून कोणता पुढारी किती काळ जिंकणार?

ब्रायंट गेले आणि शोध सुरू झाला. त्यांच्या हाताखाली खेळलेले तिघे पाळीपाळीने आणले गेले: पर्किन्स, स्टॉलिंग्ज आणि ड्युबोस. त्यांपैकी स्टॉलिंग्ज यांनीच १९९२ साली अजिंक्यपद मिळवले. मधल्या काळातल्या बिल करी यांच्या संघाने १९८९ साली दहा सामने जिंकले, तरी लोकांच्या नाराजीला कंटाळून त्यांनी दुसरीकडे जाणे पत्करले. पुढे खेळाडू मिळवण्यातील गैरप्रकारांबद्दल २००२ साली संघाला जबर शिक्षा झाली. फ्रँकिओनी दोन हंगामांत निघून गेले. माइक प्राइस यांना खासगी वर्तनावरून २००३ साली एकही सामना होण्यापूर्वीच काढले. शुला यांना २००६ साली निरोप दिला. प्रत्येकाला गेलेल्या माणसाच्या मापाने मोजले जात होते, आणि मेलेला माणूस तर कधी सामना हरत नाही.

२००७ च्या जानेवारीत निक सेबन आले. हा वेस्ट व्हर्जिनियातील कोळसा खाणींच्या मुलखातला माणूस. आपण येणार नाही, असे त्यांनी दोन आठवड्यांपूर्वीच जाहीर सांगितले होते! विद्यापीठाने आठ वर्षांचा, सुमारे ३ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. पहिल्या हंगामात सात विजय आणि सहा पराभव. त्यात घरच्या मैदानावर लुइझियाना-मन्रो या लहान संघाकडूनही हार. तरी त्यांना कोणी हलवले नाही. धावफलकाकडे पाहू नका, हातातला एक डाव नीट करा, ही त्यांची शिकवण. नवे खेळाडू हेरण्यापासून मदतनीसांच्या कामाच्या वाटणीपर्यंत सारे त्यांनी बांधून काढले. २००९ ते २०२० या काळात सहा अजिंक्यपदे आली, आणि २०२४ च्या जानेवारीत ते निवृत्त झाले.

मग शेवटी एका माणसानेच केले ना, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. पैसा आणि मैदान आधीही होते. माणूस बदलला आणि फळ बदलले. पण त्यांचे मदतनीस कर्बी स्मार्ट जॉर्जिया विद्यापीठात गेले आणि त्यांनी २०२१ व २०२२ या लागोपाठच्या हंगामांची अजिंक्यपदे जिंकली. म्हणजे कामाची रीत शिकवता येते. उलट, सेबन यांचेच एक जुने मदतनीस जिंबो फिशर यांना टेक्सस ए अँड एमने २०२३ साली काढले, तेव्हा नुसते घरी पाठवण्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम कबूल करावी लागली. तात्पर्य, शिष्य आणि पैसा दोन्ही असून रीत रुजेलच असे नाही; तिला सांभाळणारी माणसे जागेवर हवीत.

आणि डोकी फुटतात त्या मुलांचे काय? २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी युनियन मागितली. शिकागोच्या श्रम अधिकाऱ्याने त्यांना कामगार ठरवले, मतदानही झाले. पण २०१५ साली राष्ट्रीय मंडळाने प्रकरणात पडण्याचे नाकारले, आणि ती मते कधी मोजलीच गेली नाहीत. विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट २०२५ च्या न्यायालयीन समझोत्याने खुली झाली. प्रशिक्षकाची किंमत ठरवायला एक रात्र पुरते. खेळाडूची ठरायला पिढ्या गेल्या.

आमच्या युनियनपुरते सांगून संपवतो. चौथा पुढारी आम्ही शोधला नाही. दर रविवारी खातेनिहाय प्रतिनिधींचा वर्ग सुरू केला. तक्रार कशी लिहावी, ताळेबंद कसा वाचावा, एवढेच शिकवतो. पहिल्या वर्षी हरलोच. बोनसही कमी पदरात पडला. सभेत अजूनही कोणीतरी उठून विचारतो, "आपला पुढारी कोण?" मी त्याला उलट विचारतो, "तुझ्या खात्याची वर्गणी गोळा झाली का?"