पाचगणी : युरोपीय वळणाच्या निवासी शाळा

पाचगणी (जि. सातारा, ता. महाबळेश्वर) हे सह्याद्रीच्या माथ्यावरचे थंड हवेचे ठिकाण टेबल लँड या पठाराइतकेच निवासी शाळांसाठी ओळखले जाते. मायदेशापासून दूर नोकरी करणाऱ्या इंग्रज कुटुंबांच्या मुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे शाळा निघाल्या. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे.

शाळा पाचगणीतच का निघाल्या, याचे उत्तर पावसात आहे. कोकणातून येणारे ढग पोलादपूर आणि कापडे या गावांच्या बाजूने सह्याद्रीची भिंत चढतात आणि महाबळेश्वरावर रिते होतात. तेथे वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुन्या काळी जून लागण्यापूर्वी तिथल्या बंगल्यांच्या भिंती गवताने शाकारून घेत, आणि साहेबलोक खाली उतरत. महाबळेश्वरापासून जेमतेम वीस किलोमीटर पूर्वेला असलेल्या पाचगणीत मात्र पाऊस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येऊन थांबतो. बाराही महिने माणूस राहू शकेल असे हे ठिकाण, आणि मुलांना वसतिगृहात ठेवायचे तर हीच पहिली अट.

गाव वसवण्याचे श्रेय जॉन चेसन यांना जाते. १८६०च्या दशकात रुस्तमजी दुबाश यांच्यासोबत या डोंगरांत हिंडून त्यांनी ही जागा निवडली. पुढे अधीक्षक म्हणून त्यांनी सिल्व्हर ओक, पॉइनसेटिया अशी परदेशी झाडे लावली आणि शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, बांधकामाचे ठेकेदार यांना बोलावून बाजाराखालच्या भागात गावठाणाचे भूखंड दिले. साहेबाच्या बंगल्याला लागणारे सगळे हात अशा रीतीने आधीच गावात आले होते. शाळा आल्या तेव्हा त्यांना स्वयंपाक्यापासून कपडे शिवणाऱ्यापर्यंत कोणासाठी लांब जावे लागले नाही. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात चेसन यांची कबर आहे.

१८९५ मध्ये ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या रोमन कॅथलिक संघाच्या जोगिणींनी सेंट जोसेफ कॉन्व्हेंट सुरू केले. त्याच दशकात युरोपीय मुलामुलींची एकत्र शाळाही चालू झाली. १९०२ मध्ये तिच्यातून मुलगे वेगळे निघाले आणि त्यांची सेंट पीटर्स झाली. मुलींची शाळा किमिन्स या नावाने पुढे आली. अभ्यासक्रम, प्रार्थना, खेळ, शिस्त असा सगळा साचा विलायतेतला होता. त्या काळच्या इंग्रज कुटुंबांत मूल सात-आठ वर्षांचे झाले, की त्याला बोटीने इंग्लंडला धाडण्याची रीत होती. ज्यांना तो खर्च झेपत नसे किंवा एवढी ताटातूट नको असे, त्यांना हा मधला मार्ग मिळाला.

हा साचा भारतीयांनीही लवकरच उचलला. १९०८ मध्ये पारशी शाळा निघाली. तीच आजची बिलिमोरिया. १९२२ मधली हिंदू हायस्कूल आता संजीवन विद्यालय म्हणून चालते, तर मुस्लिम मुलांसाठी निघालेली युनियन हायस्कूल अंजुमन-इ-इस्लामच्या नावाने. या शाळा मात्र सुरुवातीला मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला मुले बसवत. १९४५ मध्ये बहाई पंथीयांनी न्यू एरा ही शाळा काढली. ‘तारे जमीन पर’ (२००७) या चित्रपटातली शाळा म्हणून ती अनेकांनी पडद्यावर पाहिली आहे.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज मुले गेली, पण परमुलखातून मूल पाठवण्याची चाल राहिली. आता ती परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांची होती. झांझिबारच्या उच्च न्यायालयात रोखपाल असलेल्या बोमी बलसारा यांनी आपला मुलगा फारुख याला आठव्या वर्षी बोटीने मुंबईला आणि तेथून सेंट पीटर्सला पाठवले. सुट्टीत तो मुंबईला नातेवाइकांकडे जाई. मित्रांनी त्याचे नाव फ्रेडी केले. १९५८ मध्ये त्याला ‘ज्युनियर ऑलराउंडर’चा चषक मिळाला आणि त्याच सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड जमवला. क्लिफ रिचर्ड आणि लिट्ल रिचर्ड यांची गाणी ते वाजवत. पियानोवर फ्रेडी असे; तोच पुढे ‘क्वीन’ या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. ड्रम वाजवणारा व्हिक्टरी राणा नेपाळी लष्करात सेनानी होऊन सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख झाला. गिटारवरचा डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये चित्रपट आणि दूरचित्रवाणीवर अभिनेता म्हणून वावरला. एका शाळेच्या एका बँडमधून निघालेल्या या तीन वाटांवरून तेथे कुठकुठली मुले येत, याचा अंदाज येतो.

आज शाळांच्या बाकांवर प्रामुख्याने मुंबई, पुणे, गुजरात आणि आखाती देशांतल्या भारतीय कुटुंबांची मुले दिसतात. हाउस, प्रीफेक्ट, संध्याकाळची प्रेप (अभ्यासाची ठरलेली वेळ) हे शब्द तसेच टिकून आहेत.

दळणवळण : पुणे व साताऱ्याकडून वाई आणि पसरणी घाटमार्गे रस्ता येतो. कोकणातून मुंबई–गोवा महामार्गावर पोलादपूरला वळून कापडे, आंबेनळी घाट आणि महाबळेश्वर असा दुसरा मार्ग आहे. वळणांचा आणि दरडींचा हा घाट पावसाळ्यात भरवशाचा नसतो. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत तो ठिकठिकाणी खचून वाहतूक बंद पडली होती. अशा वेळी कोकणातल्या पालकांना मुलांपर्यंत पोहोचायला पुण्याकडून वळसा घालून पसरणी घाट चढावा लागतो.