चित्र कोणाचं, हात कोणाचा?

मंडळी, मलिक अंबरचंच घ्या. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. जहांगीरच्या हाती शेवटपर्यंत लागला नाही. मग 1616च्या सुमारास दरबारी चित्रकार अबुल हसनने चित्र काढलं: भाल्यावर अंबरचं मुंडकं, त्यावर बाण सोडणारा बादशहा. प्रत्यक्षात अंबर गेला 1626 साली, म्हातारपणी. रणात जमलं नाही, ते कागदावर उरकलं!

उलट अमेरिकेतल्या केरी जेम्स मार्शलने 1980 साली काळ्या पार्श्वभूमीवर स्वतःला काळाकुट्टच रंगवला. आपल्या नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडकं अडकवलेला अस्पृश्य रंगवला. अपमान तोच, पण आता तो दाखवतो सोसणाऱ्यांचा हात.

इथे चोरखमाऱ्याच्या गेटातून नागझिऱ्यात जाणारे वाघाचे फोटो घेतात. इथल्या माणसाचं चित्र कोण काढणार?